औषध म्हणजे काय, हे आधी कळू द्या

वर्धा जिल्ह्यात कास्तकाराच्या घरी ‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दवाखान्यातून आणायचं, दुसरं कृषी केंद्रातून. ‘त्यानं औषध घेतलं’ असं कुणी आवाज खाली करून सांगितलं, की ऐकणारा कोणतं, किती, कशासाठी असं विचारत नाही. कुठं नेलं आणि वाचला का, एवढंच विचारतो.

काही दिवसांपूर्वी समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीबरोबर देवळी तालुक्यातल्या एका घरी गेले होते. समोरच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, आणि त्यामुळे माणसांना मागच्या खोलीत दाटीनं झोपावं लागत होतं. घरधन्यानं दोन वर्षांपूर्वी औषध घेतलं होतं, वाचला. बायको सांगत होती, “यायले झोप नाही येत. रातच्या उठून अंगणात बसतेत.” विद्यार्थिनीनं प्रश्नावली काढली आणि एकेक प्रश्न नीट, न घाई करता विचारला. भूक, झोप, थकवा, कामात मन. तिच्या आवाजात कळकळ होती, नजर कागदावरून माणसाकडे जात होती. शिक्षकानं शिकवलेलं तिनं सगळं केलं. तिच्या डोक्यावरच्या फळीवर चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा आणि त्यांना लागून कीटकनाशकाची अर्धी बाटली होती, टोपणावर चिंधी बांधलेली. परतताना मी तिला त्या बाटलीबद्दल विचारलं. ती म्हणाली, “ते तर सगळ्यांच्याच घरी राहते, मॅडम.”

सगळ्यांच्याच घरी राहते, हे खरं आहे. माझं सगळं म्हणणं त्या वाक्यापासून सुरू होतं.

मानसोपचार किंवा समाजकार्य शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना पायाभूत म्हणून जे दिलं जातं त्यात फ्रॉईड असतो, कार्ल रॉजर्स असतो, अॅरन बेक असतो, समाजकार्याच्या पद्धती आणि मुलाखतीची तंत्रं असतात. यातलं काहीही टाकाऊ नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसाच्या आवाक्यात आणली, तेव्हा परदेशात जन्मलेला विचार इथल्या मातीत रुजू शकतो हे दिसलंच. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. ज्या माणसाचं मन समजून घ्यायचं, तो कशात जगतो हे आपण शेवटी शिकवतो. बरेचदा शिकवतच नाही. मग मन म्हणजे माणसाच्या कवटीतली एक वस्तू आणि बाकी सगळी ‘पार्श्वभूमी’, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. त्या घरात ती बाटली पार्श्वभूमी नव्हती.

श्रीलंकेचं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात सांगायला हवं. १९९५ च्या सुमाराला तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं, आणि त्यात कीटकनाशक पिऊन जीव देणारे फार. सरकारनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. मोनोक्रोटोफॉस गेलं, नंतर एंडोसल्फान, पुढे पॅराक्वाट. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोक तेवढ्या प्रमाणात सुखी झाले असं कुणी म्हणत नाही. ज्या घटकेला जीव नकोसा होतो ती घटका पुष्कळदा थोडी असते. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर माणूस राहतो की जातो हे ठरतं. म्हणून बाटली कुलपात गेली, चावी थोरल्या भावाकडे किंवा शेजारी दिली, फवारणीपुरतंच औषध आणून उरलेलं घरात ठेवलं नाही, हा उपचार आहे. खोल आणि शास्त्रीय उपचार आहे. ते मानसोपचारकाचं काम की समाजकार्यकर्त्याचं, हा वाद मला निरर्थक वाटतो. ज्याची नजर फळीवर गेली, त्याचं काम.

त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. नवख्याला हा प्रश्न विचारताना घाम फुटतो. मग तो ‘नकारात्मक विचार’ असा शब्द वापरून बाजूनं जातो, आणि समोरच्याला काय विचारलं तेच कळत नाही. इथं नकारात्मक विचार कुणाला येत नाहीत. इथं जीव घाबरा होतो, हातपाय गळून जातात, डोकं भणभणतं, कशात मन लागत नाही. उदास झालेला माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ताकदीची सुई मागतो, सलाइन लावा म्हणतो. ही भाषा शिकणं म्हणजे बोलीची गंमत नव्हे, निदानाचा भाग आहे. आणि दुसरीकडे, गळून गेलेले हातपाय खरोखर रक्तक्षयाचे, थायरॉइडचे किंवा विदर्भात ठिकठिकाणी आढळणाऱ्या सिकलसेलचेही असू शकतात. शरीराची तपासणी होण्याआधी सगळं मनावर ढकलणारा समुपदेशक धोक्याचा.

आता सरकारी कागदाकडे वळते, कारण वर्ध्यात मनाची कहाणी कागदातून जाते. वर्धा हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्याच दौऱ्यात ते या जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचा शासननिर्णयही २००६ चाच. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. शेती हवी, कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. दारू, आजारपण, घरगुती भांडण असं कारण नोंदलं गेलं की प्रकरण ‘अपात्र’.

याचा अर्थ काय होतो, हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. ज्या बाईनं तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना सांगितलं की नवऱ्याला दुसरं काहीही दुखणं नव्हतं, फक्त कर्ज होतं, तिच्या दारात हा विद्यार्थी जातो आणि विचारतो, ते आधीपासून उदास असायचे का? पीत होते का? ती काय सांगणार? ती खोटं बोलत नसते. सरकारनं तिच्या दुःखाला एकच चौकट दिली, ती त्यात बसवून बोलते. सहा महिने झोप उडालेली, माणसांतून उठलेला, ‘माझ्यानं होत नाही’ म्हणणारा नवरा त्या चौकटीत मावत नाही. आपल्या मदतीच्या योजनेनंच मनाच्या आजाराबद्दल बोलणं महाग करून ठेवलं आहे. शिवाय शेती सासऱ्याच्या नावावर असेल, तर मेलेला माणूस शेतकरी होता हे पटवतानाच दमछाक होते, आणि त्याच्या बायकोला तर कुणी शेतकरी मानतच नाही. सातबारा वाचता येणं हे मला मानसोपचारकाचं पायाभूत ज्ञान वाटतं, आणि ते मी पूर्ण गांभीर्यानं म्हणते. विधवेची झोप का उडाली हे कळायला, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं का, हा प्रश्न ‘तुम्हाला कसं वाटतं?’ याच्याआधी विचारावा लागतो.

दारूचं तसंच. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे. गांधींचा जिल्हा म्हणून. दारू मिळते, हे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण इथं ‘दारू पिता का?’ हा आरोग्याचा प्रश्न राहत नाही, गुन्ह्याची चौकशी होते. नवखा मुलगा घरातल्या सगळ्यांसमोर तो विचारतो आणि ‘नाही’ असं उत्तर लिहून घेतो. त्याहून वाईट म्हणजे, कळकळीनं सांगतो, ‘आजपासून सोडा.’ रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. सद्भावनेनं दिलेला सल्ला जीव घेऊ शकतो. नुसत्या कळकळीवर माझा विश्वास नाही, तो या कारणानं.

तरीही कळकळीचा इतिहास वर्ध्याइतका दुसरीकडे क्वचित सापडेल, आणि तो अभ्यासक्रमात नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९३६ हे एकच वर्ष बघा. त्या वर्षी मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. भारतातलं व्यावसायिक समाजकार्याचं शिक्षण तिथून मोजतात. त्याच वर्षी ३० एप्रिलला गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, आणि त्याच वर्षी विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला महारोग्यांसाठी काम उभं केलं. मनोहरजी डॉक्टर नव्हते. हात घालण्याआधी त्यांनी तो आजार समजून घेतला आणि रुग्णांना भिक्षेऐवजी काम दिलं. शेती, सूत, विणकाम. एकाच वर्षी एकाच भाषेच्या प्रदेशात समाजकार्याचे दोन जन्म झाले. पहिल्यातून अभ्यासक्रम निघाला, दुसऱ्यातून पुतळे आणि सहली. वर्ध्यात शिकणाऱ्या मुलालाही शिकागो-न्यूयॉर्कची परंपरा परीक्षेसाठी पाठ असते, आणि चार किलोमीटरवरचं दत्तपूर त्यानं पाहिलेलं नसतं.

सेवाग्राम आश्रमात परचुरे कुटी आहे. बापूकुटी पाहून लोक पुढं निघतात, म्हणून थोडं थांबून सांगते. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधींचे सोबती. कुष्ठरोग झाल्यावर सगळीकडून हाकलले गेले आणि सेवाग्रामच्या दारात येऊन बसले. आश्रमात बायकामुलं होती, त्या काळात कुष्ठरोगाची धास्ती केवढी. गांधींच्याही मनाची घालमेल झाली. त्यांनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतलं, आपल्या झोपडीपासून दिसेल अशा अंतरावर शास्त्रींसाठी कुटी बांधून घेतली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. मला यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. शास्त्री तिथं नुसते रुग्ण राहिले नाहीत. त्यांनी संस्कृत शिकवलं, आश्रमातल्या लग्नांत पौरोहित्य केलं. ज्याला कुणी शिवत नव्हतं, त्याच्या हातून नवरा-नवरीवर अक्षता पडल्या. रॉजर्सनं पुढं १९५७ मध्ये विनाअट स्वीकार, समानुभूती आणि स्वतःशी प्रामाणिकपणा ही उपचारासाठी आवश्यक म्हणून मांडली. परचुरे कुटी डोळ्यांसमोर असली की तो विनाअट स्वीकार पाठ करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांची. वरोऱ्याला पावसात गटाराकडेला पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम त्यांनी पाहिला आणि ते घाबरून पळाले. या पळण्याची लाज त्यांना झोपू देईना, ते परत गेले. आपण पुतळा करतो परत जाणाऱ्याचा. विद्यार्थ्याला मला पळणारा माणूस दाखवायचा आहे. समोरच्याच्या यातनेनं आपल्यात काय उठतं? भीती, किळस, राग, तारणहार होण्याची हौस. हे ओळखल्याशिवाय या कामाला सुरुवातच होत नाही. आणि बाबा नुसते परत गेले नाहीत, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेऊन आले. भीती मान्य करणं आणि शिक्षण घेणं, या दोन्ही पायऱ्या त्यांनी चढल्या.

सेवेच्या या परंपरेत उणं आहे, ते झाकून चालणार नाही. सेवा करणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड तिच्यात सहज शिरते. दारू पिणाऱ्याला पापी ठरवण्याची सवयही तिथलीच. स्वतःला झिजवण्याचं कौतुक इतकं, की थकलेल्या कार्यकर्त्याला थकलो म्हणायची चोरी. व्यावसायिक शिक्षणानं इथं मोलाच्या गोष्टी दिल्या आहेत: गोपनीयता, मर्यादा, अनुभवी माणसाकडून नियमित मार्गदर्शन, आणि जे आपल्याला पेलत नाही ते वेळेवर पुढे पाठवणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला. गावात हा हक्क पाळणं किती अवघड आहे ते पाहा. पाहुणा आला की ओसरीवर दहा माणसं जमतात. अशा वेळी ‘चला, विहिरीपर्यंत जाऊन येऊ’ असं म्हणता येणं हे कौशल्य आहे. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमानं, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावात होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेतून सोडवलं आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तर तो जुना सरसकट गुन्हाच राहिलेला नाही. तरीही गावात अजून ‘चुकून पोटात गेलं’ असं सांगतात, पोलिसांच्या भीतीनं. हे कलम सोप्या भाषेत समजावून सांगणं म्हणजे अर्धं समुपदेशन.

पाण्याचंही बोलायला हवं. विद्यार्थी घरात शिरला की पाण्याचा गडू पुढं येतो, किंवा येत नाही. कोणत्या वस्तीत तो पाणी पितो आणि कोणत्या वस्तीत ‘नको, आत्ताच प्यालो’ म्हणतो, हे गाव बघत असतं. त्याचं आडनाव विचारलं जातं ते कशासाठी, हेही सगळ्यांना कळतं. जातीबद्दल एक शब्द न बोलता समानुभूतीचा धडा पूर्ण होतो, हा आपल्या वर्गांमधला सर्वांत मोठा खोटेपणा आहे.

गावात कसं जायचं, याचं एक उदाहरण परदेशातलंही आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं, एका कापडगिरणीवर जगणारं. गिरणी बंद पडली आणि सारं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास केला, १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसं रस्त्यानं किती हळू चालतात, वाचनालयातून किती पुस्तकं जातात, हे त्यांनी मोजलं. फुकट वेळ वाढला तशी पुस्तकं वाढली नाहीत, कमी झाली. पण मी हे सांगते आहे ते त्यांच्या एका नियमासाठी. नुसतं माहिती घ्यायला कुणी गावात जायचं नाही. गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचंच. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरी तपासणी सुरू केली, शिवणाचे वर्ग घेतले, आणि त्यातून माणसं बोलती झाली. आमच्या जिल्ह्यातल्या पुलगावची कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या कामगारांच्या चालण्याचा वेग मोजायला कुणी गेलं नाही. आजही आपले विद्यार्थी प्रबंधासाठी नमुने भरून घेतात आणि परत त्या गावात दिसत नाहीत. बाया विचारतात, त्या दिवशी आलेली पोरगी कुठं गेली?

उपाय आपल्याच अंगणात आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये सांगितलं की बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत. (ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता.) पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मागे उभा असलेला मनोविकारतज्ज्ञ अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ पासून वर्ध्यासह १४ जिल्ह्यांत आशाताईंना घरोघरी पाठवतो. या बाया शिकवण्याचा विषय आहेत असं आपण समजतो. त्या शिक्षिका आहेत. कोणत्या घरी कोणत्या वेळी गेलं की सासू शेतात असते, हे त्यांच्याकडून शिकायचं असतं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ पासून, भावी डॉक्टर पहिल्याच वर्षी आश्रमात शिबिरासाठी राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी पंधरा दिवस तिथं राहतात आणि वाटून घेतलेल्या कुटुंबांकडे पुढंही जात राहतात. शरीराचा डॉक्टर व्हायला ही अट आहे. मनाचं काम करू पाहणाऱ्यांना ती का नसावी, याचं उत्तर मला कुणी देऊ शकलेलं नाही.

म्हणून मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकवणाऱ्या आमच्या भागातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस वर्गात बसवू नका. हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, जिथं सोय होईल तिथं एका गावात ठेवा. सोबत आशाताई असू द्या, तलाठ्याकडून सातबारा वाचायला शिकू द्या, एक दिवस दत्तपूरला न्या. प्रश्नावली हातात देऊ नका. परत आल्यावर एकच विचारा: त्या घरांत औषध कुठं ठेवलेलं होतं? ज्याला सांगता येईल, त्याला फ्रॉईड शिकवायला घ्या.